दुभत्या जनावराचें कॅल्शियम : बाटलींतलें आणि पोत्यांतलें

दुकानांत कॅल्शियमची बाटली मागणारा शेतकरी तिची किंमत विचारतो, रोज किती पाजावयाचें तेंही विचारतो. परंतु त्या बाटलींत कॅल्शियम किती ग्रॅम आहे, हा प्रश्न तो क्वचितच विचारतो. दुकानदारही आपण होऊन तें सांगत नाहीं. हाच शेतकरी खत घेतांना मात्र पोत्यावरील नत्र, स्फुरद व पालाश यांचे आंकडे वाचतो आणि नत्राचा किलो कोणत्या खतांत स्वस्त पडतो, याचा हिशेब तोंडीं करतो. जी दृष्टि आपण उंसाच्या सरीस लावतों तीच गोठ्यास लावावी, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे. यांत कोणत्याही बाटलीचें नांव आम्ही घेणार नाहीं. हिशेबाची रीत सांगूं, ती ज्यानें त्यानें आपल्या घरच्या बाटलीस लावून पाहावी.

प्रथम खर्चाची बाजू पाहूं. म्हशीच्या एक लिटर दुधांत सुमारें १.८ ग्रॅम आणि गाईच्या दुधांत सुमारें १.२ ग्रॅम कॅल्शियम असतें. कोल्हापूर शहरांत गंगावेशीच्या कट्ट्यावर गिऱ्हाइकाच्या देखत म्हैस पिळून धारोष्ण दूध विकण्याची चाल आहे. तेथें उभी असलेली म्हैस दिवसाकांठीं दहा लिटर दूध देत असेल, तर ती रोज १८ ग्रॅम कॅल्शियम चरवींत ओतते. तीनशें दिवसांचें वेत धरलें तर हा आंकडा पांच किलोंच्या वर जातो. पांचशें किलो वजनाच्या जनावराच्या सबंध हाडांच्या सांगाड्यांत कॅल्शियम असतें तें सहा-सात किलो. म्हणजे एका वेतांत म्हैस जवळजवळ आपल्या सांगाड्याइतकें कॅल्शियम आपणांस देते. तें परत आलें पाहिजे आणि तें वैरण-खुराकांतूनच आलें पाहिजे. शिवाय खाल्लेलें सर्व अंगीं लागत नाहीं. साधारणपणें निम्में किंवा त्याहूनही कमी अंगीं लागतें. म्हणून अंगचा निर्वाह आणि दहा लिटर दूध मिळून म्हशीच्या खाण्यांत रोज ५० ते ६० ग्रॅम कॅल्शियम असावें लागतें. या आंकड्याची आठवण पुढें बाटलीचा हिशेब करतांना ठेवावी.

खाण्यांतून कमी आलें तर म्हैस लागलीच दूध कमी करीत नाहीं. ती हाडांतून उसनें घेते. हें उसनें महिनोन्महिने चालतें आणि धन्यास कांहीं दिसत नाहीं. नंतर केव्हांतरी म्हैस वेळेवर माजावर येत नाहीं, उठतांना पाय कांपतात, वार अडकते. आणि मग ‘एकाएकीं काय झालें’ म्हणून धांवाधांव होते. या सर्व लक्षणांस दुसरींही कारणें असतात हें खरें. पण वैरणींतील कॅल्शियमची तूट त्यांत बहुधा सामील असते.

आमच्या जिल्ह्यांत ही तूट इतर ठिकाणांपेक्षां अधिक कां पडते, हें समजून घेण्यासारखें आहे. गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी या पश्चिमेकडील भागांत पाऊस अतोनात आणि माती तांबडी, जांभ्याची. तींतला चुना पावसाबरोबर धुपून जातो. तेथील मुख्य वैरण भाताचा पेंढा, ज्यास आपण पिंजर म्हणतों, तो. त्यांत कॅल्शियम थोडें व स्फुरद तर फारच थोडें. पूर्वेकडे शिरोळ व हातकणंगल्याकडील काळ्या जमिनींत चुनखडीचे खडे नांगराला लागतात, इतका चुना आहे. पण तेथील म्हैस खाते उंसाचे वाढे. गळीत हंगाम सुरू झाला कीं वाढ्यांच्या पेंढ्यांचे ढीग दारांत येऊन पडतात. दुसरी वैरण विकत कोण घेतो? अशा रीतीनें जमिनींत चुना भरपूर असूनही म्हशीच्या अंगांत तो पोंचत नाहीं.

वाढे आणि भाताचा पेंढा या दोहोंत एक अडचण समान आहे. दोहोंतही ऑक्झलेट नांवाचें द्रव्य असतें. हें द्रव्य पोटांत कॅल्शियमशीं जखडून बसतें आणि त्यांचा जो संयोग होतो तो न विरघळतां शेणावाटे निघून जातो. प्रमाण सांगावयाचें तर ९ ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल ४ ग्रॅम कॅल्शियम अडवितें. म्हणजे वैरणींत आहे तेवढें कॅल्शियमही सर्व उपयोगी पडत नाहीं. संकरित नेपियर गवतांतही ऑक्झलेट असतें. कोंवळ्या पाल्यांत तें अधिक असतें, म्हणून तें गवत फार लवकर कापूं नये.

यावर निसर्गानें एक उपायही ठेवला आहे. जनावराच्या पहिल्या पोटांत ऑक्झलेट खाऊन जगणारे सूक्ष्म जीव असतात. त्यांपैकीं एकास १९८५ सालीं ऑक्झॅलोबॅक्टर फॉर्मिजेनिस असें नांव देण्यांत आलें. वैरण हळूहळू बदलली तर हे जीव वाढतात आणि ऑक्झलेटचा बराच भाग फोडून टाकतात; एकदम बदलली तर त्यांस वाढावयास सवड मिळत नाहीं. तेव्हां कारखान्याचें धुराडें पेटलें कीं दुसऱ्या दिवसापासून नुसते वाढे, ही रीत सोडून पंधरवड्यांत थोडे थोडे वाढवीत जावें. पेंढा पाण्यांत भिजवून निथळून घातल्यास त्यांतील विरघळणाऱ्या ऑक्झलेटचा कांहीं भाग धुवून जातो. सर्वांत उत्तम उपाय म्हणजे वैरणींत द्विदल मिसळणें. लसूणघास, चवळी, भुईमुगाचे वाळलेले वेल यांत पेंढ्याच्या कित्येक पट कॅल्शियम असतें. पांच गुंठे लसूणघास ज्याच्या विहिरीखालीं आहे त्यास कॅल्शियमच्या बाटलीची गरज फारशी पडूं नये, असें आमचें मत आहे.

तरीही सर्वांस लसूणघास करतां येत नाहीं, आणि बाहेरून कॅल्शियम द्यावें लागतें. तें कोणत्या रूपानें घ्यावें?

चुनखडीच्या शुद्ध भुकटींत शेंकडा ४० भाग कॅल्शियम असतें. बाजारीं मालांत ३६ ते ३८ धरावें. समुद्राचे शिंपले हीही चुनखडीच, त्यांत ३८ भाग. डायकॅल्शियम फॉस्फेट, ज्यास दुकानदार डीसीपी म्हणतात, त्यांत सुमारें २३ भाग कॅल्शियम व १८ भाग फॉस्फरस. कॅल्शियम क्लोराइडच्या खड्यांत २७. कॅल्शियम ग्लुकोनेटमध्यें केवळ ९. म्हणजे नांव जितकें भारदस्त तितकें आंतील कॅल्शियम कमी, असाच प्रकार पुष्कळदां आढळतो.

“पण चुनखडी म्हणजे दगड, तो विरघळणार कसा?” हा आक्षेप आम्हीं अनेकांच्या तोंडून ऐकला आहे, आणि बाटलीचा खप बराचसा याच शंकेवर चालतो. यावर एक दूरचें उदाहरण देतों. शहरांतील कांहीं हौशी लोक मोठ्या कांचेच्या टांकींत खारें पाणी करून समुद्रांतील प्रवाळ पाळतात. प्रवाळ हा झाड किंवा दगड नसून लहान लहान प्राण्यांची वसाहत आहे, आणि हे प्राणी पाण्यांतील कॅल्शियम घेऊन आपलें चुनखडीचें घर बांधतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. अफाट समुद्रांत तें संपत नाहीं, पण टांकींत तें थोड्याच दिवसांत कमी होतें. मग टांकीवाल्यापुढेंही आपलाच प्रश्न उभा राहतो : स्वस्त कॅल्शियम कोणतें? त्यानें चुनखडीची भुकटी टाकली तर ती तळाशीं बसते, कारण समुद्राच्या वरच्या थरांतील पाणी चुनखडीनें आधींच तृप्त असतें. म्हणून त्यास दुसऱ्या वाटा शोधाव्या लागतात. कोणी आटलेल्या पाण्याच्या जागीं चुन्याची निवळी थेंब थेंब सोडतो; तीच निवळी, जी आपल्याकडे घरोघर माहीत आहे. कोणी एका हातानें कॅल्शियम क्लोराइड व दुसऱ्या हातानें खाण्याचा सोडा घालतो, कारण घर बांधण्यास दोहोंचेही घटक लागतात. आणि कोणी वेगळ्या नळकांड्यांत चुनखडीचे खडे भरून त्यांतून कार्बन डायऑक्साइड वायु मिसळलेलें पाणी फिरवितो, म्हणजे पाणी किंचित आंबट होऊन खडे विरघळतात. त्यांच्यांतही लहान बाटल्या महाग घेणारे आहेत आणि तेंच क्लोराइड किलोवर आणून स्वतः विरघळविणारे शहाणेही आहेत.

या उदाहरणाचा आपणांस उपयोग असा. टांकीवाल्यास जें आंबट पाणी वायु विकत आणून करावें लागतें, तें म्हशीच्या चौथ्या पोटांत फुकट तयार असतें. तेथील रस इतका आम्ल आहे कीं चुनखडीची बारीक भुकटी त्यांत सहज विरघळते. आधींच विरघळविलेलें कॅल्शियम खाऱ्या पाण्याच्या टांकीस लागतें; धडधाकट, चरत्या-खात्या जनावरास रोजच्या पोषणासाठीं त्याची जरूर नाहीं. विद्राव्यतेचें मोल बाटलींत द्यावें लागतें, आणि म्हैस तें काम स्वतःच करीत असते. (प्रवाळाविषयीं निघालेंच आहे तर सांगतों : घाट उतरून मालवणास गेल्यावर तेथें समुद्रांत प्रवाळ आहे, त्या भागास १९८७ सालीं सागरी अभयारण्य ठरविलें आहे, आणि प्रवाळ तोडून आणणें हा वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं गुन्हा आहे. किनाऱ्यावरील शिंपल्यांची गोष्ट निराळी. त्यांची पूड कोंबडीखाद्याच्या दुकानांत उघड मिळते.)

आतां हिशेब. समजा, बाटलीवर लिहिलें आहे कीं १०० मिलिलिटरमध्यें कॅल्शियम १६०० मिलिग्रॅम, आणि रोजची मात्रा १०० मिलिलिटर. १६०० मिलिग्रॅम म्हणजे १.६ ग्रॅम. वर आपण पाहिलें कीं म्हशीच्या एका लिटर दुधांत १.८ ग्रॅम जातें. म्हणजे ही सबंध मात्रा एका लिटर दुधाचीही भरपाई करीत नाहीं. त्यांतलें अर्धें तर अंगींच लागावयाचें नाहीं. उलट ५० ग्रॅम चुनखडीची भुकटी, म्हणजे अदमासें तीन-चार मोठे चमचे, १९ ग्रॅमपर्यंत कॅल्शियम देते. अशा बारा मात्रा एका मुठींत मावल्या! भाव धरून पाहावयाचें तर, उदाहरणादाखल, लिटरची बाटली ३०० रुपयांस व भुकटी १५ रुपये किलोनें धरूं. बाटलींत एकंदर १६ ग्रॅम कॅल्शियम. ग्रॅमला पावणेएकोणीस रुपये पडले. भुकटीच्या किलोंत ३८० ग्रॅम. ग्रॅमला चार पैसे. डीसीपी ६० रुपये किलो धरलें तरी ग्रॅमला सव्वीस पैसे, आणि फॉस्फरस वर मिळाला. हे भाव केवळ नमुन्याचे आहेत. वाचकांनीं आपल्या पावतीवरचे आंकडे घालून हाच भागाकार करावा. मिलिग्रॅमला हजारानें भागून ग्रॅम करण्यास विसरूं नये. ‘१६००’ हा आंकडा मोठा दिसावा म्हणूनच तो मिलिग्रॅममध्यें छापलेला असतो.

बाटली सर्वस्वीं निरुपयोगी आहे असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. कित्येकींत ड-जीवनसत्त्व घातलेलें असतें, आणि त्यावांचून आंतड्यांतून कॅल्शियम नीट शोषलें जात नाहीं. पण जनावर रोज कांहीं वेळ उन्हांत उभें राहिलें तर हें जीवनसत्त्व त्याच्या कातडींतच तयार होतें. बारा महिने अंधाऱ्या गोठ्यांत दावणीला असलेल्या जनावराची गोष्ट वेगळी. त्यास बाटली देण्यापूर्वीं दाव्याची गांठ सोडून अंगणांत बांधावें.

चुन्याच्या निवळीविषयीं आम्हांस नेहमीं विचारलें जातें. कळीचा चुना मातीच्या घागरींत विझवून रात्रभर ठेवावा व सकाळीं वरचें स्वच्छ पाणी तेवढें काढून घ्यावें, ही रीत जुनी व स्वस्त आहे. तथापि तिचीही मर्यादा ओळखावी. एक लिटर पाण्यांत विझलेला चुना दीड-पावणेदोन ग्रॅमपेक्षां अधिक विरघळतच नाहीं. त्यांत कॅल्शियम येतें सुमारें ०.९ ग्रॅम. चुना कितीही ओतला तरी निवळी याहून कडक होत नाहीं, बाकीचा गाळ तळाशीं राहतो. म्हणजे पेलाभर निवळीनें कांहींच साधत नाहीं; पिण्याच्या पाण्यांत दहा लिटर गेली तर नऊ ग्रॅम मिळतें, आणि तेवढी निवळी मिसळलेलें पाणी जनावर पुष्कळदां नाकारतें. तळचा गाळ कधींही पोटांत जाऊं देऊं नये, तो तोंड व घसा भाजतो. चुना विझवितांना डोळे सांभाळावेत व मुलांस दूर ठेवावें. घागर झांकून ठेवावी, नाहींतर हवेनें वर पापुद्रा धरतो. तो पापुद्रा म्हणजे पुन्हां चुनखडीच होय. एकंदरींत निवळी ही जोड म्हणून बरी; मुख्य आधार भुकटीचाच ठेवावा.

भुकटी घेतांना ती कसली आहे तें पाहावें. भिंतीस लावावयाची सफेती, रांगोळी, फरशीच्या कारखान्यांतली धूळ, यांपैकीं कांहींही जनावरास घालूं नये. त्यांत काय मिसळलें आहे हें कोणी सांगूं शकत नाहीं. खाद्यासाठीं म्हणून विकली जाणारीच भुकटी घ्यावी. घरीं परीक्षा सोपी आहे. कांचेच्या पेल्यांत चमचाभर भुकटी घेऊन तिच्यावर व्हिनेगर ओतावें. चुनखडी असेल तर लागलीच फसफसून फेंस येईल. फेंस ओसरला कीं पुन्हां व्हिनेगर घालावें, आणि असें फेंस थांबेपर्यंत करीत राहावें. शेवटीं तळाशीं जें उरेल ती वाळू व माती. ती फार उरली तर माल परत करावा. भुकटी मुळींच फसफसली नाहीं तर ती चुनखडी नव्हे. शिरोळकडे खारवट जमिनींसाठीं जिप्समचीं पोतीं घरांत पडलेलीं असतात. त्यांतही कॅल्शियम आहे, म्हणून कोणी तें खुराकांत मिसळूं नये. त्याबरोबर गंधक फार जातें व तें बाधतें. खतासाठीं मिळणारा कच्चा स्फुरद-दगडही वर्ज्य; त्यांतील फ्लोरिननें दांत व हाडें खराब होतात.

स्फुरदाचा प्रश्न येथें वेगळा काढला पाहिजे, कारण पुष्कळांची गल्लत याच ठिकाणीं होते. जनावर हाडें, चिंध्या, माती चघळूं लागलें कीं ‘याला कॅल्शियम कमी पडलें’ असें म्हणतात. बहुतेक वेळां कमी पडलेला असतो तो फॉस्फरस. दक्षिण आफ्रिकेंत सर आर्नोल्ड थाइलर यांनीं १९२० च्या सुमारास हें दाखवून दिलें. तेथील गुरें माळावर पडलेलीं कुजकीं हाडें चघळीत आणि त्यांतील विषानें लुळीं पडून मरत. चाऱ्यांतील फॉस्फरसची उणीव भरून काढतांच हाडें चघळणें थांबलें. नुसत्या पेंढ्यावर व वाढ्यांवर असलेल्या जनावरास फॉस्फरसही हवा. त्यास डीसीपी किंवा चांगलें खनिज मिश्रण द्यावें. ज्यास गव्हाचा कोंडा व पेंड पोटभर मिळते त्याच्याकडे फॉस्फरस आधींच पुरेसा जातो. त्यास चुनखडीच पुरे. खनिज मिश्रणाच्या पिशवीवर भारतीय मानक १६६४ चा उल्लेख आहे कीं नाहीं तें पाहावें. पूर्वीं हाडांची पूड देण्याची चाल होती. आतां अन्नसुरक्षेच्या नियमांनीं दुभत्या गुरांस ती देण्याची मनाई आहे, आणि ती मनाई योग्यच आहे.

येथवरची चर्चा पैशांची झाली. पुढील मुद्दा जनावराच्या जिवाचा आहे, आणि तो आम्हीं आमचें जनावर गमावून शिकलों आहों.

म्हैस वितांना जो चीक उतरतो त्याच्या दहा लिटरांत वीस ग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतें. त्या क्षणीं तिच्या सबंध रक्तांत फिरत असतें केवळ तीन ग्रॅमच्या आसपास. हाडांचें कोठार वेळेवर उघडलें तरच ही नड भागते. तें उघडावयास एक-दोन दिवस लागले तर रक्तांतील कॅल्शियम घसरतें, स्नायूंची शक्ति जाते आणि जनावर बसतें. यालाच दुग्धज्वर म्हणतात, जरी यांत ज्वर मुळींच नसतो. उलट कान व पाय गार पडतात. मान कुशीकडे वळवून बसणें, शेण-मूत्र थांबणें, नाकपुडी कोरडी पडणें हीं त्याचीं लक्षणें. याचें कारण फार काळ कोणास उमगलें नव्हतें. डेन्मार्कमधील कोल्डिंग येथील श्मिट या पशुवैद्यानें १८९७ सालीं, कासेंत विष तयार होतें अशा समजुतीनें, सडांतून पोटॅशियम आयोडाइडचें पाणी भरलें आणि गाई उठूं लागल्या. पुढें नुसती हवा भरली तरी गाई उठतात असें दिसलें. विष वगैरे कांहीं नव्हतें. कास फुगल्यानें दूध उतरणें थांबे व कॅल्शियम रक्तांत राही. १९२५ सालीं एडिंबरो येथील ड्रायर व ग्रेग यांनीं हा कॅल्शियमच्या घसरणीचा रोग होय, असें मांडलें, आणि त्यानंतर शिरेंतून कॅल्शियम देण्याचा उपचार रूढ झाला.

यावरून कोणासही वाटेल कीं विण्यापूर्वीं महिनाभर कॅल्शियम भरपूर पाजून ठेवावें. आम्हांसही तसेंच वाटलें होतें. गेल्या वेतास आमच्या उत्तम म्हशीस भाकड काळाच्या शेवटच्या महिन्यांत आम्हीं बाटल्यांमागून बाटल्या पाजल्या, भुकटीही दिली. ती विऊन दुसऱ्या रात्रीं बसली. रात्रीचे दोन वाजले होते. डॉक्टरांस हांक जाईपर्यंत हातावर हात धरून बसवेना, म्हणून आम्हीं तिचें तोंड वर करून उरलेली बाटली नळकांड्यानें ओतली. डॉक्टर आले, त्यांनीं शिरेंतून कॅल्शियम दिलें, आणि म्हैस तासाभरांत उठून उभीही राहिली. परंतु आम्हीं ओतलेलें औषध गिळण्याची शक्ति तिच्यांत तेव्हां नव्हती. तें फुफ्फुसांत उतरलें होतें. चौथ्या दिवशीं ती गेली.

यांत चुका दोन. बसलेल्या जनावराच्या तोंडांत पाणीसुद्धां ओतूं नये, ही एक. दुसरी त्याहून आधींची. शेवटच्या महिन्यांत खाण्यांत कॅल्शियमची रेलचेल असली कीं शरीर हाडांचें कोठार बंद करून बसतें, आणि नेमक्या वेळीं तें उघडत नाहीं. बोडा व कोल या संशोधकांनीं १९५४ सालींच दाखविलें आहे कीं विण्यापूर्वीं कॅल्शियम कमी असलेलें खाणें दिलेल्या गाई दुग्धज्वरापासून बचावतात. म्हणून विण्यापूर्वींचे तीन-चार आठवडे चुनखडीची भुकटी, निवळी व बाटली पूर्ण बंद ठेवावी, लसूणघासही आवरावी. या काळांत वाढे व पेंढा चालतो. इतर वेळीं त्यांचा जो दोष तो येथें गुणासारखा उपयोगी पडतो. व्याल्याबरोबर मात्र, म्हैस उभी असून खात-पीत असतांना, कॅल्शियम सुरू करावें. मागील वेतास बसलेली किंवा भरपूर दूध देणारी म्हैस असेल तर विण्याच्या दिवशीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें कॅल्शियमचें जेल द्यावें. त्याच्या एका मात्रेंत चाळीस ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतें, आणि येथें विद्राव्य रूपासाठीं जादा पैसे मोजणें सार्थकीं लागतें. पहिले दोन दिवस कास अगदीं कोरडी करूं नये; रेडकास पुरेल इतका चीक काढून बाकी ठेवावा.

जनावर बसलेंच तर त्यास कुशीवर आडवें पडूं न देतां छातीवर बसतें करावें, दोन्ही बाजूंस कडब्याचे किंवा मातीचे भरलेले पोते लावावेत, आणि डॉक्टर येईपर्यंत तोंडांत कांहीं घालूं नये. शिरेंतील कॅल्शियम डॉक्टरांनींच द्यावयाचें. तें घाईनें गेलें तर हृदय बंद पडतें.

ज्यांच्याकडे अंड्यांच्या कोंबड्या आहेत त्यांच्यासाठीं थोडें. एका अंड्याच्या कवचांत सुमारें दोन ग्रॅम कॅल्शियम जातें, आणि कवच मुख्यतः रात्रीं बनतें. म्हणून कोंबडीस बारीक भुकटीबरोबर शिंपल्यांची जाडी भरड द्यावी. ती पेषणींत थांबून रात्रभर हळूहळू विरघळत राहते. अंड्यावर न आलेल्या तलंगांस मात्र ही भरड देऊं नये, मूत्रपिंडें बिघडतात.

रोजच्या वांटणीचें प्रमाण असें धरावें. घरचा खुराक असेल, म्हणजे मक्याचा भरडा, कोंडा व पेंड, तर शंभर किलोंत दोन किलो खनिज मिश्रण, एक किलो मीठ व वाढ्यांच्या हंगामांत शिवाय एक किलो चुनखडीची भुकटी मिसळावी. सहकारी संघाचें किंवा इतर तयार पशुखाद्य घालीत असाल तर त्यांत खनिजें आधींच असतात. पोत्यावरचा कॅल्शियमचा आंकडा वाचून उणें असेल तेवढेंच वर घालावें. भुकटी वैरणीवर नुसती फेंकूं नये, ओल्या खुराकांत कालवावी. पहिल्या दिवशीं पूर्ण प्रमाण घातलें तर कित्येक जनावरें खुराकास तोंड लावीत नाहींत. आठवडाभरांत चढवीत न्यावें. चुनखडी पावसाळ्यांत फारशी बिघडत नाहीं, पण खनिज मिश्रण ओल धरून गोळा होतें. त्याची पिशवी फळीवर, भिंतीपासून दूर ठेवावी आणि दोन महिन्यांना पुरेल इतकेंच एका वेळीं आणावें.